शीव यंत्राला कोण दाखवतं?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव वनहक्कांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क गावाला मिळाला. 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. एवढं सगळीकडे छापून आलंय. माझा प्रश्न वेगळा आहे: अशा जंगलाचा नकाशा काढतं कोण?

सामूहिक हक्काच्या दाव्यासाठी गावाची शीव फिरावी लागते. पुढे गावातले जुनेजाणते, मागे जीपीएस घेतलेली तरुण पोरं. जाणता नाल्याच्या वळणावर थांबतो, नाल्याचं नाव सांगतो, पलीकडे कोणत्या गावाची हद्द लागते ते सांगतो. पोरगा बटण दाबतो, अक्षांश-रेखांश नोंदवतो आणि ते नाव वहीत उतरवतो. पुढचा थांबा देवस्थानाचा, त्यापुढचा मोहाच्या जुन्या झाडाचा. दाट झाडोऱ्याखाली उपग्रहाचे संकेत अडतात, खोडांवर आदळून येतात आणि बिंदू पाच-दहा मीटर सरकतो. मग आकडे स्थिर होईपर्यंत ताटकळायचं. नाला कुठे वळतो याबद्दल जाणत्याच्या मनात मात्र तसूभर शंका नसते. शेवटी सगळे बिंदू जोडून क्षेत्रफळ निघतं. त्या आकृतीखाली वनखात्याचे कक्ष क्रमांक ठेवले, की कुठे वाद होणार तेही दिसतं.

मला या कामात सर्वांत मोलाची वाटते ती वही. हिरवा रंग उपग्रहालाही दिसतो. पण भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेली कुठलीही जमीन वनाच्छादनात मोजली जाते, मग ती आमराई का असेना. मोहफुलं कुठे वेचतात, उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं, वणवा बहुधा कोणत्या बाजूने चढतो, बांबूला मागचा फुलोरा कधी आला होता, हे उपग्रहाच्या चित्रात नसतं. फुलोऱ्यानंतर बांबू वाळतो. काही दशकांनी एकदा घडणारी ही गोष्ट ज्यांनी पाहिली, त्यांच्याशी बोलल्याशिवाय तोडीचं नियोजन करणं धोक्याचं आहे.

काळजी वाटते ती पुढच्या प्रवासाची. दाव्याची फाईल उपविभागीय समितीकडे जाते, तिथून जिल्हा समितीकडे. वाटेत नावं गळतात, कक्ष क्रमांक तेवढे उरतात. दावा केलेल्या क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्र अधिकारपत्रात आल्याच्या तक्रारी अनेक गावांच्या आहेत. दोन गावं पिढ्यान्‌पिढ्या समजुतीने वापरत आलेलं रान एका रेषेने दुभंगण्याची भीतीही असतेच. शिवाय औषधी वनस्पती आणि देवस्थानं ज्या नकाशावर आहेत, तो कुणाच्या संगणकात राहतो, याचं उत्तर प्रत्येक ग्रामसभेकडे नाही. ज्या जिल्ह्यात सुरजागडसारख्या डोंगरांवर लोहखनिजाचं उत्खनन चालतं, तिथे हा प्रश्न हलका नाही.

कायदा या बाबतीत गावाच्या बाजूचा आहे. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा मानला जातो. उपग्रहचित्रांसारखं तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरावं, त्यांची जागा त्याने घेऊ नये, असं 2012 चे सुधारित नियम सांगतात. तुमच्या गावाचा दावा मंजूर झाला असेल, तर नकाशाची प्रत मागून घ्या, ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि गळलेली नावं त्यावर लिहून घ्या. ज्यांना ती पाठ आहेत ते आज सत्तरीच्या पुढे आहेत.