संकेतांक चुकला, भुर्दंड कुणाला?

इस्पितळातील पॅथॉलॉजी विभाग म्हणजे रक्त-लघवी तपासणारी खोली, एवढीच आपली समजूत असते. पण काढलेली गाठ कर्करोगाची की साधी, हे याच विभागात ठरते आणि बिलाचा बराचसा आकडाही इथेच ठरतो. तपासणीला संकेतांक द्यायचा आणि त्या संकेतांकाचा दर लावायचा, अशी ही पद्धत. संकेतांक बदलला की पैसे बदलले. रुग्णाला यातले काहीच कळत नाही.

अमेरिकेत ही पद्धत मुरलेली आहे. तिथे संकेतांकांची यादी १९६६ सालापासूनची. शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाच्या तपासणीला सहा पायऱ्या आहेत. आतड्यातला छोटा मांसांकुर ८८३०५ मध्ये, तर कर्करोगासाठी कापलेला आतड्याचा भाग ८८३०९ मध्ये. तीन जागचे मांसांकुर तीन बाटल्यांत वेगळे दिले तर तीन तपासण्या, एकाच बाटलीत टाकले तर एक! म्हणजे बाटलीवर चिठ्ठी लावणाऱ्यापासून संकेतांक टाकणाऱ्या कारकुनापर्यंत सगळ्यांचे काम चोख हवे. एवढे नियम असूनही लूट झालीच. गरज नसलेल्या तपासण्या जोडून सरकारी पैसा उकळल्याच्या आरोपांवरून १९९२ मध्ये नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीजला सुमारे ११ कोटी डॉलर भरावे लागले. १९९७ मध्ये स्मिथक्लाइन बीचमच्या प्रयोगशाळांनी ३२ कोटी ५० लाख डॉलर मोजले.

हे दूरचे प्रकरण आम्ही सांगतो, कारण संकेतांकाचे बिल आता आपल्या दारात आले आहे. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांचे नाव लाभलेली जन आरोग्य योजना, तशीच २०१८ ची आयुष्मान भारत, दोन्हींत उपचाराला संकेतांक आणि ठरलेले पॅकेज आहे. दाखल रुग्णाच्या आवश्यक तपासण्या त्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. मग ‘ही तपासणी योजनेत बसत नाही’ असे सांगून बाहेरच्या लॅबची चिठ्ठी हातात देणारे कोणत्या नियमाने देतात? कर्करोगात तर बायोप्सीच्या अहवालाशिवाय मंजुरीच पुढे सरकत नाही. अहवालात अवयव, बाजू, निदान मोघम लिहिले तर कागद अडतो. आणि कागद अडला की मजुरी बुडवून आलेला माणूस व्याजाने पैसे काढतो.

महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आयुष्मानचे ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. जिथे फोन नंबर धड लिहिला जात नाही, तिथे संकेतांक बरोबर लिहिला जातो यावर आम्ही डोळे झाकून विश्वास का ठेवावा?

आमच्या कार्यकर्त्यांनी इस्पितळात रुग्णासोबत जाताना पॅकेजचे नाव व संकेतांक आरोग्यमित्राकडून लिहून घ्यावा. तपासणीचे पैसे मागितले तर तपासणीच्या नावासह पावती मागावी. सीबीसीचा एक दर लावायचा सोडून हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट अशा तीन ओळी लावल्या असतील, तर त्या एकाच नळीतल्या रक्ताच्या आहेत हे तिथेच विचारावे.