स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी का पडतात? यवतमाळच्या कळंबमध्ये आधी पाण्याकडे बघा

घरात ठेवायचं पहिलं झाड म्हणून नर्सरीत हमखास स्पायडर प्लांट सुचवलं जातं. थेट ऊन लागत नाही, दोन-चार दिवस पाणी विसरलं तरी चालतं, कीड फारशी लागत नाही. तरीही काही महिन्यांत तक्रार सुरू होते: पानं हिरवीगार, पण टोकं वाळून तपकिरी.

मग एखादं रील बघून पाणी वाढवलं जातं, खत टाकलं जातं, आणि टोकं आणखी वाळतात. चिंतामणी गणपतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या कळंबमध्ये, किंबहुना यवतमाळ जिल्ह्यात कुठेही, या लक्षणाचं एक कारण बादलीतल्या पाण्यात असू शकतं.

हे झाड नेमकं कुठलं?

शास्त्रीय नाव क्लोरोफायटम कोमोसम, मूळ आफ्रिकेतलं. पण त्याचे नातेवाईक आपल्या ओळखीचे आहेत. औषधी सफेद मुसळी आणि पावसाळ्यात ठाणे-कोकणात मिळणारी फोडशीची रानभाजी याच क्लोरोफायटम गटातल्या. मुसळीसारखीच स्पायडर प्लांटची मुळंही जाड आणि गरदार असतात. त्यांत पाणी साठतं, म्हणून हे झाड कोरड तग धरून काढतं. रोज पाणी घातलं तर मात्र हीच मुळं कुजतात.

कळंबच्या घरात कुठे ठेवावं?

पूर्वेच्या खिडकीजवळ सकाळचं कोवळं ऊन चालतं. दुपारचं थेट ऊन नको. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतली पानं करपतात. कूलरमुळे खोलीत येणारा ओलावा झाडाला मानवतो, पण कूलरचा झोत थेट कुंडीवर नको.

माती शेतातली काळी नसावी. ती ओली झाली की चिकट होते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे कुंडीत पाण्याचा निचरा होत नाही. ती घालायचीच असेल तर थोडीच घ्यावी आणि त्यात वाळू, कोकोपीट व गांडूळ खत मिसळावं. कुंडीच्या तळाला भोक हवंच. बोट इंचभर मातीत घालून बघावं, कोरडं लागलं तरच पाणी द्यावं.

मग टोकं का वाळतात?

कोरडी हवा, जास्त खत, पाण्याचा ताण किंवा कुजलेली मुळं, यांपैकी काहीही कारण असू शकतं. पण हे सगळं ठीक असूनही टोकं वाळत असतील, तर पाण्यातल्या क्षारांवर आणि फ्लोराइडवर संशय घ्यायला जागा आहे. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन जातं, पण त्यातलं फ्लोराइड टोकाशी आणि कडेला साठत जातं. तिथल्या पेशी मरतात आणि टोक तपकिरी होतं. फ्लोराइड सहन न होणाऱ्या घरगुती झाडांत स्पायडर प्लांटचं नाव नेहमी घेतलं जातं.

यवतमाळ हा भूजलात फ्लोराइड आढळणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक. केळापूर, झरी जामणी या तालुक्यांतल्या गावांत हा प्रश्न जुना आहे. हे प्रमाण एकाच गावात एका बोअरपासून दुसऱ्या बोअरपर्यंत बदलतं. त्यामुळे शेजाऱ्याचं पाणी चांगलं निघालं म्हणून आपलंही चांगलं असेलच असं नाही.

कोणतं पाणी द्यावं, कोणतं टाळावं?

• पावसाचं पाणी सर्वात चांगलं. पावसाळ्यात छतावरचं पाणी ड्रममध्ये झाकून साठवता येतं.
• एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, तेही चालतं.
• आरओ मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी झाडांना घालायची सवय अनेक घरांत आहे. स्पायडर प्लांटसाठी ती वाईट. मशीनने गाळलेले क्षार आणि फ्लोराइड त्याच पाण्यात जातात.
• कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही नको. पाणी उडून जातं, क्षार मागे राहून दाट होतात.
• नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातं. फ्लोराइड जात नाही.

खताचं काय?

कापूस-सोयाबीनच्या घरात सुपर फॉस्फेटची गोणी सहज सापडते. त्यातलं चमचाभर कुंडीत टाकायचा मोह टाळावा. हे खत ज्या खडकापासून बनतं त्यात फ्लोराइड असतं आणि त्यातलं काही खतातही उरतं. दोन-तीन महिन्यांतून मूठभर गांडूळ खत या झाडाला पुरेसं होतं.

झाडाने घरातली हवा शुद्ध होते का?

अमेरिकेच्या नासा संस्थेतले संशोधक बी. सी. वुल्व्हर्टन यांनी १९८० च्या दशकात बंद पेटीत प्रयोग केले आणि स्पायडर प्लांटची ख्याती तिथून पसरली. मात्र २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा जुन्या प्रयोगांचा आढावा घेतला. खिडक्या-फटींतून हवा जितकी आपोआप बदलते, तितका परिणाम झाडांनी साधायचा तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यांचं गणित निघालं. थोडक्यात, झाड हौसेसाठी ठेवावं आणि हवेसाठी खिडकी उघडावी.

दोष पाण्याचाच आहे, हे कसं ओळखायचं?

वाळलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, ते कात्रीने कापावं. पुढचं नव्या पानांवरून कळतं. या झाडाच्या लांब दांड्यांवर पिल्लं लटकतात. ती मातीत टेकवली की सहज मुळं धरतात आणि सगळी मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतात. दोन पिल्लं सारख्या मातीत, एकाच जागी लावावीत. एकाला बोअरचं पाणी द्यावं, दुसऱ्याला पावसाचं किंवा आरओचं गाळलेलं. दोन-तीन महिन्यांत फक्त बोअरच्या पाण्यावरच्या रोपाची टोकं वाळली, तर दोष पाण्यात आहे.

तो दोष फ्लोराइडचा की इतर क्षारांचा, हे झाड सांगू शकत नाही. त्यासाठी पाण्याची तपासणीच हवी. आणि तेच पाणी घरात प्यायलं जात असेल, तर प्रश्न कुंडीपुरता राहत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानलं जातं. दुसरा स्रोतच नसेल तर कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम. याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लहान मुलांच्या पक्क्या दातांवर कायमचे डाग पडतात आणि पुढे हाडं-सांधे आखडतात. पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने फ्लोराइड कमी होत नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं.

पाण्याचा नमुना शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासता येतो. नमुना कुठे आणि कसा द्यायचा, याची चौकशी ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीत करता येईल. झाडासाठी पावसाचं ड्रमभर पाणी पुरतं. घरातल्या पोरांसाठी मात्र एकदा ही तपासणी करून घ्यावी.