पोटात दुखतंय, सिस्टर

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की शाळेच्या वैद्यकीय कक्षाबाहेर रांग लागते. कुणाचा गुडघा खरचटलेला, कुणाच्या डोळ्यात माती गेलेली, कुणाचा दात हलतोय आणि पोर तो बोटाने हलवतच आलेलं. ही गिऱ्हाइकं सोपी. कापसाचा बोळा, थोडं बेटाडिन, डोळ्यावर स्वच्छ पाणी, की पोर परत वर्गात. सिस्टरची खरी परीक्षा घेणारं मूल रांगेच्या शेवटी उभं असतं. हात पोटावर, मान खाली आणि तक्रार दोनच शब्दांची: पोटात दुखतंय.

या दोन शब्दांच्या मागे काय काय असू शकतं, याची यादी केली तर शाळेतल्या परिचारिकेचं निम्मं काम समजतं. साडेसहाची बस पकडायची म्हणून पोर दूधही न पिता निघालेलं असतं, आणि दहा वाजता त्याला जे होतं ती निव्वळ भूक असते. दोन बिस्किटं हे त्यावरचं औषध. कुणाची तिसऱ्या तासाला गणिताची चाचणी असते. हे दुखणं खोटं नसतं बरं का. भीतीने पोटात खरोखरच कळ येते, आणि 'नाटकं करतोय' असं म्हणून ती जात नाही. कुणी दोन दिवस शौचाला गेलेलं नसतं, कारण शाळेच्या संडासाची कडी मोडलेली असते.

मुलींच्या बाबतीत तर हे फार दिसतं. स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. भरलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी जाते. मग लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप. सिस्टर गोळी देऊन हे थांबवू शकत नाही. तिला मुख्याध्यापकांकडे जाऊन कडीसाठी भांडावं लागतं. आणि पाचवी-सहावीतल्या एखाद्या मुलीचं पोट दुखतं तेव्हा तिला स्वतःलाही ठाऊक नसतं की तिची पाळी सुरू झाली आहे. स्कर्टवरचा डाग बघून ती घाबरलेली असते. तिला पॅड देणं, स्वेटर कमरेला बांधायला सांगणं आणि 'काही झालेलं नाही' हे तिला पटेल अशा आवाजात सांगणं, एवढं सगळं पाच मिनिटांत करायचं, कारण बाहेर रांग आहे.

आता याच रांगेत, याच दोन शब्दांनी, अपेंडिक्सही येतं. दुखणं आधी बेंबीभोवती असतं, काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकतं. पोर वाकून चालतं, जागच्या जागी उडी मार म्हटलं तर मारत नाही. वयात येणाऱ्या मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो आणि तो लाजेमुळे लपतो. वृषणाला अचानक पीळ पडतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. पण नववीतला मुलगा सिस्टरला हे कसं सांगणार? तो म्हणतो, पोटात दुखतंय. ज्या सिस्टरला पुढचा प्रश्न न संकोचता विचारता येतो, तिलाच हे वेळेत कळतं.

मधुमेहही असाच आडवळणाने येतो. टाइप वन मधुमेह म्हणजे बहुतेकदा लहानपणी सुरू होणारा, इन्सुलिनशिवाय न चालणारा प्रकार. त्याचं निदान व्हायच्या आधी मूल सारखं पाणी पितं, सारखं लघवीला जातं (आणि 'वर्गाबाहेर जायला निमित्त हवं' म्हणून ओरडाही खातं), आणि मग एके दिवशी पोटदुखी, उलटी, जोरजोरात श्वास. निदान झालेल्या मुलाचा त्रास बऱ्याचदा उलटा असतो. इन्सुलिन घेतलं, पण डबा उशिरा खाल्ला किंवा पीटीच्या तासाला जास्त पळणं झालं, की साखर उतरते. घाम, थरथर, चिडचिड. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अशा मुलाला जिना उतरून एकट्याने वैद्यकीय कक्षात पाठवायचं नसतं, सिस्टरने वर्गात जायचं असतं. हे शिक्षकांना दर जूनमध्ये नव्याने सांगावं लागतं. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं असं खाणं सोबत नेण्याची परवानगी दिली. तोवर पेपर लिहिताना साखर उतरली तर काय, हा प्रश्न त्या मुलाचा आणि त्याच्या नशिबाचा होता.

रुग्णालयात परिचारिकेच्या पाठीशी डॉक्टर असतो, वॉर्डात दुसरी सिस्टर असते, मेट्रन असते. शाळेत ती एकटी. तिच्यावरचे साहेब म्हणजे मुख्याध्यापक, आणि त्यांचा विषय बहुधा इतिहास किंवा मराठी. स्वतःच्या अधिकारात औषध लिहून देण्याची तिला मुभा नाही, आणि तापाच्या साध्या गोळीसाठीही पालकांची लेखी संमती लागते. तिच्या हातात उरतो तो निर्णय: वर्गात परत पाठवायचं, पंधरा मिनिटं झोपवून ठेवायचं, पालकांना बोलवायचं, की कुणाचीही वाट न बघता रिक्षा थांबवायची. चाळीस पोटदुख्यांत एकोणचाळीस साध्या असतात. चाळिसावीही तशीच दिसते.

पालकांना फोन करणं हा या नोकरीतला वेगळाच अध्याय. बरोबर अकराच्या सुमारास चढणारा ताप सिस्टरच्या ओळखीचा असतो. सकाळी अंग गरम लागलं, आई-बाबा दोघांनाही कामावर जायचं होतं, पॅरासिटामॉल दिलं आणि पोर बसमध्ये बसवलं. गोळीचा असर चार ते सहा तासांचा. तो उतरला की ताप वर. फोनवर उत्तर ठरलेलं, 'घरून निघाला तेव्हा तर बरा होता हो!' यात पालकांना झोडपून काढण्यात अर्थ नाही; रजा टाकली की एका दिवसाचा पगार जाणारी घरंही यात असतात. पण तेवढ्या वेळात शेजारच्या बाकावरच्या तिघांना प्रसाद मिळालेला असतो. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरी ठेवावं लागतं, आणि चाचणी परीक्षा जवळ असेल तर त्या एका आठवड्यावरून दारात वाद होतात.

सिस्टर पोचायच्या आत पोचलेले घरगुती उपचार हेही रोजचंच. घोळणा फुटला की कुणीतरी मुलाची मान मागे टाकून ठेवलेली असते, त्यामुळे रक्त घशात उतरतं आणि पोर ओकतं. मान किंचित पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरायचा, बस्स. दात पडला तर तो फेकायचा नाही. पक्का दात मुळासकट निघाला असेल तर मुळाला हात न लावता दुधात टाकायचा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यायचा. तो पुन्हा बसू शकतो. आणि फिट आली की चप्पल हुंगवायची, कांदा फोडायचा, दातांमध्ये चमचा घालायचा! चपलेने काही होत नाही, चमच्याने मात्र दात मोडतो. मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूची बाकं सरकवायची, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका.

शाळेत परिचारिका नेमण्याची कल्पना किती उपयोगी, याचा एक जुना हिशेब उपलब्ध आहे. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर शाळेत येऊन उवा, गजकर्ण, डोळ्यांची साथ असलेली मुलं शोधायचे आणि घरी पाठवून द्यायचे. घरी उपचार होत नसत. मुलं रस्त्यावर इतरांसोबत खेळत राहायची. सार्वजनिक आरोग्यसेवेत मोठं काम केलेल्या लिलियन वॉल्ड यांच्या पुढाकाराने १ ऑक्टोबर १९०२ रोजी लीना रॉजर्स या परिचारिकेला प्रयोग म्हणून चार शाळा दिल्या गेल्या. तिने शाळेतच मलमपट्टी केली, घरी जाऊन आयांना शिकवलं. प्रयोग यशस्वी ठरल्यावर आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारपणामुळे घरी पाठवलेल्यांचा आकडा १०,५६७ होता, पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तो १,१०१ झाला.

आपल्याकडे सुरुवात तशी उशिरा झाली नव्हती. बडोद्यात १९०९ मध्ये शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली होती. पण शंभर वर्षांनी आलेल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट उघडून बघा. शिक्षक किती हवेत, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, ग्रंथालय, सगळं आहे. परिचारिका नाही. त्यामुळे ती दिसते मुख्यतः शहरांतल्या मोठ्या खासगी आणि निवासी शाळांत. सरकारी शाळांच्या वाट्याला येतं ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका. हृदयातलं छिद्र, दृष्टिदोष, रक्तक्षय असं बरंच काही त्यांच्या तपासणीत सापडतं. पण पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. उरलेले दिवस पोटदुखीचं काय करायचं, हे गुरुजींनी ठरवायचं.

आश्रमशाळेत हा प्रश्न रात्रीही सुटत नाही. पावसाळ्यात, मुलं जमिनीवर झोपलेली असताना, मण्यार चावते. तिचे दात इतके बारीक की झोपलेल्याला अनेकदा कळतही नाही. सूज नाही, जखम दिसत नाही. पहाटे मूल उठतं आणि अधीक्षकांना सांगतं, पोटात दुखतंय. उलटी होते. मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं जड होतं, आणि श्वासाचे स्नायू थकतात. पहाटेची ही पोटदुखी आणि पापण्यांची झापड यांची सांगड घालणारं कुणी तिथे असेल तर सर्पविषावरचं प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत पोचायला वेळ मिळतो. नसेल तर अपचन समजून ओवा दिला जातो.

शेवटची पोटदुखी सिस्टरच्या रजिस्टरमध्ये सापडते. रोज नाव, वर्ग, वेळ, तक्रार लिहिण्याचं काम कंटाळवाणं, पण महिन्याभराची पानं एकत्र चाळली की दिसतं: हे मूल दर मंगळवारी, शेवटच्या तासाच्या आधी येतं. मंगळवारी काय असतं? कधी पोहण्याचा तास असतो आणि कपडे बदलताना चिडवणारी टोळी असते. कधी त्याहून वाईट काही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूल मात्र सांगताना म्हणतं, 'सिस्टर, कुणाला सांगणार नाही ना?' तिला खोटं वचन देता येत नाही, आणि मुलाने पुन्हा तोंड मिटूनही चालत नाही.

जूनमध्ये शाळेतून आरोग्याचा फॉर्म येतो. फिट, दमा, मधुमेह, कशाची ॲलर्जी, अशा रकान्यांपुढे बरेच पालक सरसकट 'नाही' लिहितात. प्रवेश अडेल, मुलीचं पुढे लग्न अडेल, वर्गात नाव पडेल, अशी त्यांना भीती असते. वाचकहो, यंदा तो फॉर्म खरा भरा, आणि खाली असा फोन नंबर लिहा जो अकरा वाजता उचलला जाईल.