वारसाचा तंटा आणि सत्तेचे आयुष्य

सत्ता तटबंदीच्या बळावर टिकते, हा समज इतिहासाला मान्य नाही. १२०६ साली चंगीझखानाने मंगोल टोळ्या एकत्र आणल्या. त्याच्या वंशजांनी चीनपासून रशियापर्यंत अंमल बसविला आणि १२५८ मध्ये बगदादची खिलाफतही बुडविली. परंतु १२५९ मध्ये मंगू खान निवर्तताच कुबलाई आणि अरिक बुका हे त्याचे भाऊ गादीसाठी चार वर्षे झुंजले. साम्राज्य भावकीच्या वाटण्यांत विखुरले आणि १३६८ मध्ये चीनही त्यांच्या हातून गेला.

हाच न्याय कोकणातही लागू पडला. आगरदांडा ज्या राजपुरीच्या खाडीवर वसले आहे, तिच्या मुखाशी असलेला जंजिरा शिवछत्रपतींना वा संभाजीराजांना घेता आला नाही. तेथील आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचा जुना दंडक असा, की प्रमुख वारल्यावर मुलगा नव्हे, तर आरमारातील पहिला अधिकारी त्याच्या जागी येई. जन्मापेक्षा कर्तृत्वाला मान होता. ही शिस्त पुढे ढळली. १७३३ मध्ये सिद्दी रसूल वारला, वारसांत तंटा लागला आणि बाजीराव पेशव्यांना वाट मिळाली. १७३६ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने सिद्दी साताला रणात मारले. किल्ला १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत सिद्दींकडेच राहिला; दरारा मात्र केव्हाच ओसरला होता.

वारसाचा प्रश्न जी सत्ता नियमाने सोडवीत नाही, तिचा शत्रू तिच्या घरातच असतो. पक्षाचे नेतृत्व घरातल्या घरात सोपविणाऱ्यांनी लोकशाहीतही हे ध्यानात ठेवलेले बरे.