27.97 चा हिशेब : रायपूरच्या रस्त्यांवरची हायब्रिड एसयूव्ही

भारतात हायब्रिड एसयूव्हीच्या इंधनबचतीची बरीच चर्चा 27.97 या आकड्याभोवती फिरते. टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुती सुझुकी ग्रँड विटारा या 2022 मध्ये आलेल्या जुळ्या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकाराचे हे अधिकृत ॲव्हरेज, म्हणजे एका लिटरमागचे किलोमीटर. त्याच ग्रँड विटाराच्या माइल्ड हायब्रिड, मॅन्युअल गिअरच्या प्रकारासाठी 21.11 हा आकडा जाहीर झाला होता. प्रत्यक्षात स्ट्राँग हायब्रिडचे मालक बहुधा 20 ते 24 सांगतात. रायपूरच्या मे महिन्यात हा आकडा त्याहूनही खाली येऊ शकतो. अधिकृत आणि प्रत्यक्ष यांमधली ही तफावत कुणाच्या लबाडीतून येत नाही. ती मोजणीच्या पद्धतीतून, उन्हातून आणि वेगातून येते, आणि तिचा बराचसा हिशेब कागदावर मांडता येतो.

या गाडीत दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन आणि विजेची मोटर मिळून सुमारे 116 पीएस ताकद देतात. बॅटरी अवघी 0.76 किलोवॅट-तासांची आहे. ती घरी चार्ज करता येत नाही, म्हणजे गाडीतली सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलचीच. बचत तीन मार्गांनी होते. हलका भार असताना इंजिन बंद राहते आणि गाडी मोटरवर चालते. ब्रेक दाबल्यावर मोटर जनित्र बनून गतीची वीज करते. माणसांसह 1,450 किलोची गाडी ताशी 50 किलोमीटरवरून थांबली, तर साधारण 0.04 किलोवॅट-तास ऊर्जा मोकळी होते. साध्या गाडीत ती ब्रेक तापवण्यात जाते, हायब्रिडमध्ये तिचा मोठा भाग पुढच्या सिग्नलनंतर कामी येतो.

तिसरा मार्ग इंजिनाच्या पोटात आहे, आणि त्यामागे आज जवळजवळ विसरला गेलेला एक माणूस आहे. जेम्स ॲटकिन्सन (1846–1914) या ब्रिटिश अभियंत्याला ओटो या जर्मन शोधकाच्या इंजिनावरील पेटंटला वळसा घालणारे गॅस इंजिन हवे होते. 1887 च्या सुमारास त्याने दांड्यांची अशी रचना केली की जळालेला वायू जितका दाबला गेला त्याहून अधिक फैलावत असे. त्यामुळे एरवी धुरासोबत वाया जाणारी उष्णता दट्ट्या ढकलण्यात खर्ची पडू लागली. 1888 मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने इंजिनांची चाचणी घेतली, तेव्हा एका अश्वशक्तीमागे सर्वांत कमी गॅस ॲटकिन्सनच्याच इंजिनाने घेतला. तरी बाजार त्याला मिळाला नाही. आकाराच्या मानाने त्याची ताकद कमी होती, दांड्यांचे जंजाळ किचकट होते आणि 1890 मध्ये ब्रिटनमधले ओटोचे पेटंटही संपले. वळसा घालण्याचे कारणच उरले नाही. डिसेंबर 1997 मध्ये आलेल्या टोयोटा प्रियसने ती कल्पना पुन्हा उचलली. दांड्यांऐवजी हवा आत घेण्याची झडप उशिरा बंद करून तोच परिणाम साधला, आणि ताकदीची उणीव विजेच्या मोटरने भरून काढली. इंधन वाचवणारे पण अंगात जोर नसलेले इंजिन जोडीदार मिळाल्यावर उपयोगी ठरले. हायरायडरचे इंजिन याच वंशातले.

आता 27.97 कुठून आले ते पाहू. भारतात गाडीचे अधिकृत ॲव्हरेज रस्त्यावर मोजत नाहीत. पुण्यात कोथरूडच्या ज्या टेकडीला लोक एआरएआय टेकडी म्हणतात, तिथल्या 1966 मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांमध्ये गाडी रोलरवर उभी करतात आणि एका ठरीव वेळापत्रकाप्रमाणे चालवतात. त्या वेळापत्रकाचे नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. नावात भारत असला तरी साचा युरोपचा आहे. त्याचा शहरी भाग तिकडे 1970 मध्ये बांधला गेला, आणि भारतीय रस्त्यांसाठी मुख्य बदल झाला तो कमाल वेगात : ताशी 120 ऐवजी 90 किलोमीटर.

हे वेळापत्रक मुळातून वाचण्यासारखे आहे, कारण त्यात सेकंदासेकंदाचा वेग लिहिलेला आहे. एकूण वेळ 1,180 सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी. पहिल्या भागात 195 सेकंदांचा शहरी तुकडा चार वेळा तसाच्या तसा चालवायचा. त्यात वेग 50 च्या वर जात नाही. दुसरा भाग 400 सेकंदांचा, मोकळ्या रस्त्याचा. शून्यावरून 50 गाठायला 26 सेकंद दिले आहेत. रायपूरच्या जयस्तंभ चौकात इतक्या सावकाश निघणाऱ्यामागे हॉर्नचा गजर सुरू होईल. एकूण वेळेचा जवळजवळ चौथा हिस्सा गाडी नुसती उभी असते. साध्या गाडीचे इंजिन त्या वेळात पेट्रोल जाळत राहते, हायब्रिडचे बंद असते. थांबणे भरपूर, वेग मंद, निघणे सौम्य : हायब्रिडला याहून सोयीची परीक्षा क्वचितच सापडेल.

चाचणीच्या खोलीचे तापमान 20 ते 30 अंशांच्या दरम्यान ठेवतात आणि एसी बंद असतो. पेट्रोल तर मोजलेच जात नाही. धूर पिशव्यांत गोळा करून त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळले ते काढतात. हायब्रिडच्या बॅटरीत सुरुवातीला आणि शेवटी किती वीज होती, त्याचा फरकही हिशेबात धरतात. प्रयोग म्हणून ही पद्धत काटेकोर आहे. दोन गाड्यांची तुलना करायला ती योग्यच, कारण परीक्षा दोघींना सारखी असते.

सरकारलाही हाच आकडा लागतो. कंपनीने वर्षभरात विकलेल्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर 2017-18 पासून मर्यादा आहे. ती पहिल्या टप्प्यात किलोमीटरमागे 130 ग्रॅमच्या आसपास होती, 2022-23 पासून सुमारे 113 ग्रॅम झाली. लिटरला 27.97 म्हणजे साधारण 85 ग्रॅम. शिवाय या सरासरीत एक स्ट्राँग हायब्रिड दोन गाड्यांइतकी धरली जाते. एवढी कामाची संख्या जाहिरातीत ठळक छापली जाणारच. ती मोजताना एसी बंद होता, हे मात्र तितक्या ठळकपणे कुठे छापलेले दिसत नाही.

रायपूरमध्ये मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो. एसी पेट्रोल खातो ते तासाच्या हिशेबाने, किलोमीटरच्या नाही. शहरात सरासरी वेग ताशी 20 किलोमीटर आणि एसीविना ॲव्हरेज 25 धरले, तर गाडीला तासाला 0.8 लिटर पेट्रोल लागते. एसीने सरासरी 1 किलोवॅट वीज घेतली आणि पेट्रोलमधली 30 टक्के ऊर्जा विजेत उतरली, तर तासाला आणखी 0.375 लिटर जळते. ॲव्हरेज 25 वरून 17 वर येते. तीच गाडी, तोच एसी, पण वेग ताशी 60 असेल तर ॲव्हरेज साडेएकवीसच्या आसपास टिकते. म्हणजे टाटीबंध ते तेलीबांधा अशा गर्दीच्या फेरीत जिथे हायब्रिडची करामत सर्वांत जास्त, तिथेच ऊनही सर्वांत जास्त वसुली करते. नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर हे दोन्ही परिणाम सौम्य होतात.

या गणितातून एक उलटा निष्कर्ष निघतो. शहरात लिटरला 12 देणाऱ्या साध्या गाडीवर एसीचा तेवढाच भार टाकला तर ती 10 च्या जवळ येते; घट सुमारे 18 टक्के. हायब्रिडची घट 32 टक्के. गाडी जितकी काटकसरी, तितका एसीचा वाटा मोठा. म्हणून उन्हाळ्यात तक्रार हायब्रिडवाल्याची जास्त असते, आणि तरीही पेट्रोल त्यालाच कमी लागते. उभ्या गाडीत बॅटरीवर एसी चालतो खरा, पण 0.76 किलोवॅट-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली आणि पूर्ण वापरता येणारी मानली, तरी दीड किलोवॅटचा एसी ती अर्ध्या तासात संपवतो. प्रत्यक्षात तिचा काही भागच वापरात असतो, त्यामुळे इंजिन त्याआधीच सुरू होते.

महामार्गावरचे गणित निराळे आहे. रायपूरच्या मराठी घरांची नागपूरवारी राष्ट्रीय महामार्ग 53 वरून होते : कुम्हारी, दुर्ग, राजनांदगाव, मग बागनदीची सीमा, देवरी, साकोली, भंडारा. अंतर सुमारे 290 किलोमीटर. भिलाई-दुर्गपर्यंतच्या ट्रकांच्या गर्दीत हायब्रिडला ब्रेकमधून थोडी वीज मिळत राहते. पुढे रस्ता मोकळा झाला की इंजिन जवळपास अखंड चालते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी 80 च्या जागी 110 ने गेल्यास तो जवळजवळ 1.9 पट होतो. चाचणी मात्र 90 वरच थांबलेली असते. शंभरच्या पुढे पाय दाबून ठेवणाऱ्याला हायब्रिड आणि साध्या गाडीतला फरक थोडाच जाणवतो.

जगदलपूरकडे जाताना केशकाल घाट लागतो. उतारावर वीज साठते, पण बॅटरी लहान. 1,450 किलोची गाडी 200 मीटर खाली उतरली तर सुमारे 0.79 किलोवॅट-तास ऊर्जा मोकळी होते, म्हणजे बॅटरीच्या एकूण क्षमतेहूनही थोडी जास्त. त्यामुळे लांब घाटात बॅटरी अर्ध्या वाटेवरच भरते आणि उरलेली ऊर्जा वाया जाते. चढणीवर खर्चलेले पेट्रोल सगळे परत मिळत नाही.

इंधनही बदलले आहे : पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळले जाते. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणात म्हणूनच शुद्ध पेट्रोलपेक्षा 6 ते 7 टक्के ऊर्जा कमी भरते. निती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात, मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत ॲव्हरेजची घट 1 ते 2 टक्के आणि जुन्या रचनेच्या गाड्यांत 6 ते 7 टक्के सांगितली होती.

जाहिरातीतल्या आणि प्रत्यक्ष आकड्यांतला भेद ग्राहक न्यायालयांपर्यंतही गेला आहे. 2004 मध्ये घेतलेल्या एका मारुती झेनबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी 2024 मध्ये कंपनीला एक लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. जाहिरातीत लिटरला 16 ते 18 होते, मिळाले दहाच्या आसपास. ती गाडी हायब्रिड नव्हती, पण प्रश्न हाच होता. दोन आकडे छापणे, एक शहराचा आणि एक महामार्गाचा, दोन्ही एसी चालू ठेवून, हा त्यावरचा साधा तोडगा आहे.

तोवर गाडी घेणाऱ्याने स्वतःचा रस्ता मोजावा. टाकी फुल करून, ठरावीक पंपावर, तीन-चार वेळा भरल्यावर काढलेली सरासरी स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा भरवशाची. वर्षाला 15,000 किलोमीटर, बहुतेक शहरात, हायब्रिड 20 आणि साधी 14 धरली, तर वर्षाला सुमारे 320 लिटर पेट्रोल वाचते. तेवढेच अंतर नागपूरच्या महामार्गावर, 20 आणि 17 च्या हिशेबाने, फक्त 130 लिटरच्या आसपास वाचवते. हायब्रिडसाठी मोजलेली जादा किंमत शहरात चालवणाऱ्या मालकाकडे महामार्गावरच्या मालकापेक्षा जवळजवळ अडीच पट वेगाने परत येते.