पाच वर्षांचे पैसे, एक उन्हाळा

घरात केबल आली तेव्हा 'पोरांनी काहीतरी चांगलं बघावं' म्हणून आपल्याकडचे आईवडील मोठ्या विश्वासानं जी वाहिनी लावून देत, ती डिस्कव्हरी. तिचा संस्थापक जॉन हेंड्रिक्स. वाघ-सिंह, ज्वालामुखी आणि पिरॅमिड दाखवून श्रीमंत झालेल्या या माणसानं 2000 साली महिला फुटबॉलची व्यावसायिक लीग काढायची ठरवली, तेव्हा त्याच्या हाती एक भक्कम पुरावा होता. 10 जुलै 1999 रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथल्या रोझ बोल स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि तो बघायला 90,185 माणसं आली. अमेरिका विरुद्ध चीन. एकशेवीस मिनिटं गोल नाही. मग पेनल्टी. गोलरक्षक ब्रियाना स्करीनं लिऊ यिंगची किक अडवली, शेवटची किक ब्रँडी चॅस्टेननं डाव्या पायानं जाळ्यात घातली आणि जर्सी काढून ती गुडघ्यांवर बसली. तो फोटो जगभर छापून आला.

हे यश आभाळातून पडलेलं नव्हतं. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलींशी भेदभाव करण्यास मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा अमेरिकेत 1972 साली आला. त्याच्या आसपास तिथल्या हायस्कुलांत फुटबॉल खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे 700. शतक संपताना त्या अडीच लाखांवर गेल्या. म्हणजे खेळाडूंची रांग लागली होती, पण कॉलेज संपलं की पुढे रस्ताच नव्हता. राष्ट्रीय संघात जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर बूट माळ्यावर. राष्ट्रीय संघातल्यांचीही चैन नव्हतीच. ऑलिंपिकच्या बोनसवरून त्यांनी 1995-96च्या सुमारास शिबिरावर बहिष्कार टाकला होता. विश्वविजेत्या झाल्यावर अवघ्या सहा महिन्यांत, पुरेसे पैसे मिळत नाहीत म्हणून, त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यालाही नकार दिला. या मुलींना भांडता येत होतं, ही गोष्ट या सगळ्या कथेत मला चॅस्टेनच्या फोटोपेक्षा महत्त्वाची वाटते.

म्हणूनच विमेन्स युनायटेड सॉकर असोसिएशन, थोडक्यात वूसा, उभी राहिली तेव्हा विश्वविजेत्या संघातल्या 20 जणी तिच्या संस्थापक ठरल्या आणि त्यांना लीगच्या मालकीत वाटा मिळाला. पैसा आला केबल धंद्यातल्या बड्या मंडळींकडून: हेंड्रिक्स स्वतः, टाइम वॉर्नर, कॉक्स, कॉमकास्ट. ठरलेलं भांडवल 4 कोटी डॉलर आणि ते पाच वर्षं पुरवायचं, असा हिशेब.

संघ आठ. संस्थापक खेळाडू त्यांत विभागून दिल्या. एका संघाकडेच सगळ्या तारका जाऊ नयेत म्हणून हे केलं, आणि ते शहाणपणाचं होतं. मिया हॅम वॉशिंग्टन फ्रीडमकडे, चॅस्टेन सॅन होजेच्या बे एरिया सायबररेजकडे, जुली फाउडी सॅन दिएगो स्पिरिटकडे, क्रिस्टिन लिली बॉस्टन ब्रेकर्सकडे, टिफनी मिलब्रेट न्यूयॉर्क पॉवरकडे, स्करी अटलांटा बीटकडे. उरलेले दोन संघ फिलाडेल्फिया चार्ज आणि कॅरोलिना करेज. बाकी जागा निवड-मेळाव्यातून आणि परदेशातून भरल्या.

परदेशी पाहुण्यांची यादी वाचताना गंमत वाटते. सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत गोल करून अमेरिकेचं सुवर्ण हिरावणारी नॉर्वेची डाग्नी मेलग्रेन बॉस्टनमध्ये लिलीच्या शेजारी खेळायला आली. रोझ बोलवर चीनचं गोल सांभाळणारी गाओ हाँग न्यूयॉर्कला आली. चीनची सुन वेन, जिला फिफानं शतकातल्या सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा मान मिशेल एकर्ससोबत विभागून दिला होता, ती अटलांटात, चक्क स्करीच्या संघात. ब्राझीलच्या सिस्सी आणि कातिया सॅन होजेला, इंग्लंडची केली स्मिथ फिलाडेल्फियाला, जपानची होमारे सावा अटलांटाला. जगात दुसरीकडे कुठे सगळ्या संघांतल्या सगळ्या खेळाडूंना पगार देणारी महिला लीग नव्हती. त्यामुळे ज्यांना चांगलं खेळता येत होतं त्यांनी अमेरिकेचं विमान पकडलं, इतका तो साधा व्यवहार होता.

पहिला सामना 14 एप्रिल 2001 रोजी वॉशिंग्टनच्या आरएफके स्टेडियमवर झाला. प्रेक्षक 34,148. फ्रीडम विरुद्ध सायबररेज, म्हणजे जाहिरातीच्या भाषेत हॅम विरुद्ध चॅस्टेन. खरं सांगायचं तर फुटबॉल काही डोळे दिपवणारा नव्हता. नुकत्याच जमवलेल्या संघांचा असतो तसा, चुकलेल्या पासांचा. सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास हॅम पेनल्टी क्षेत्रात घुसली आणि तिला पाडलं कोणी, तर चॅस्टेननंच. वर्षानुवर्षं एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या दोघी! पंचांनी पेनल्टी दिली. गर्दीला अर्थातच हॅम हवी होती. किक मारली मात्र ब्राझीलच्या प्रेटिन्यानं, आणि गोल झाला. वूसाच्या इतिहासातला पहिला गोल तिच्या नावावर लागला आणि सामना 1-0 असाच संपला.

पुढचे चार महिने प्रत्येक संघ 21 सामने खेळला. आरएफकेसारखी मैदानं अपवादच. फिलाडेल्फियाचा संघ व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या मैदानावर खेळे, बॉस्टनचा बॉस्टन विद्यापीठाच्या निकरसन फील्डवर, कॅरोलिनाचा चॅपेल हिलच्या फेट्झर फील्डवर. सामना संपला की कुंपणापाशी पोरींची झुंबड उडे आणि खेळाडू सह्या देत थांबत. हा जिव्हाळा खरा होता, पण लीगनं त्याच्यावर जरा जास्तच भिस्त ठेवली असं माझं मत. प्रचार सगळा पोनीटेलवाल्या मुली आणि त्यांच्या आयांसाठी. मुलगी चौदा-पंधराची झाली, तिचा शनिवार स्वतःच्या सामन्यांत जाऊ लागला की ते कुटुंब स्टेडियमकडे फिरकायचं बंद होणार, याचा विचार झालेला दिसत नाही. फुटबॉल म्हणून फुटबॉल बघणारा, मुलंबाळं नसलेला माणूस तर त्यांच्या हिशेबातच नव्हता.

मैदानावरचे निकालही जाहिरातदारांच्या सोयीचे लागले नाहीत. जगातली सर्वांत प्रसिद्ध महिला फुटबॉलपटू ज्या संघात, तो वॉशिंग्टन फ्रीडम पहिल्या चारांतही आला नाही. हंगामाची सर्वोत्तम खेळाडू ठरली मिलब्रेट, 16 गोल करून. हॅमच्या मानानं ती घराघरांत पोचलेली नव्हती.

25 ऑगस्टला बॉस्टनजवळच्या फॉक्सबरो स्टेडियमवर फाउंडर्स कपची अंतिम लढत झाली. काही महिन्यांत जमीनदोस्त होणार असलेल्या त्या स्टेडियममध्ये 21,078 प्रेक्षक होते. सायबररेज विरुद्ध अटलांटा बीट. पहिल्या सामन्यातल्या अडखळत्या फुटबॉलचा इथे मागमूस नव्हता. 3-3 अशी बरोबरी, जादा वेळेतही निकाल नाही, आणि शेवटी पेनल्टीवर सायबररेजनं 4-2 असा कप जिंकला. ऑस्ट्रेलियाची जुली मरे सामन्याची सर्वोत्तम खेळाडू ठरली. पहिला सामना हरलेल्या संघानं पहिला कप नेला.

हंगामाची सरासरी उपस्थिती आठ हजारांच्या थोडी वर गेली, लीगनं स्वतः धरलेल्या आकड्यापेक्षा जास्त. मग बिनसलं कुठे? पाच वर्षं पुरवायचे 4 कोटी डॉलर पहिल्याच वर्षात संपले होते!

ते खेळाडूंनी नेले असं कुणाला वाटत असेल तर हिशेब करून बघावा. पगार साधारण 25 हजारांपासून 85 हजार डॉलरपर्यंत, सरासरी 40 हजारांच्या आसपास. एका संघात 20 जणी धरल्या तर आठ संघांचं मिळून वर्षाचं बिल 64 लाख डॉलर होतं. चार कोटींचा साधारण सहावा हिस्सा. बाकी पैसा कार्यालयं, कर्मचारी, प्रवास, मैदानं, प्रक्षेपण आणि जाहिराती यांत गेला. विश्वचषकाच्या झगमगाटाला शोभेल असा संसार पहिल्या दिवसापासून थाटला गेला. पण विश्वचषक म्हणजे चार वर्षांनी भरणारी जत्रा. जत्रेची गर्दी मोजून गावात रोजचं दुकान टाकलं की भाडं अंगावर येतं. टीव्हीवर टीएनटीचा करार होता, पण बघणारे थोडे निघाले, आणि पुढच्या वर्षी सामने पॅक्स नावाच्या दुय्यम वाहिनीवर गेले. केबलसम्राटांच्या स्वतःच्या लीगला टीव्हीनंच तारलं नाही, यापरता उपहास कोणता? प्रत्येकी 25 लाख डॉलर देणारे आठ मोठे प्रायोजक मिळतील अशी आशा होती. तेवढ्या ताकदीचे मिळाले दोन, ह्युंदाई आणि जॉन्सन अँड जॉन्सन.

पुढची दोन वर्षं काटकसरीत गेली. संस्थापक खेळाडूंनी आपण होऊन पगार कमी करून घेतले. कॅरोलिनानं 2002चा कप जिंकला, वॉशिंग्टननं 2003चा. त्या संघात हॅमच्या जोडीला ॲबी वॉमबॅक नावाची उंच, डोक्यानं गोल करणारी मुलगी आली होती. प्रेक्षक मात्र सरासरी पावणेसात हजारांवर घसरले. 15 सप्टेंबर 2003 रोजी लीग थांबवल्याची घोषणा झाली. तोवर 10 कोटी डॉलरच्या वर खर्च झाला होता, आणि पुढचा महिला विश्वचषक अमेरिकेतच पाच दिवसांवर आला होता.

मैदानावर मात्र तो पैसा फळला, आणि अमेरिकेच्या पलीकडेही. 2011च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, फ्रँकफर्टला, जादा वेळेत वॉमबॅकनं डोक्यानं गोल करून अमेरिकेला पुढे नेलं आणि सामना हातातून निसटत असताना सावानं जपानला बरोबरी साधून दिली. जपाननं पेनल्टीवर कप नेला. निर्णायक क्षणी गोल करणाऱ्या दोघीही वूसाच्या पगारपत्रकावर होत्या.

दुसरी व्यावसायिक लीग 2009 ते 2011 अशी तीन वर्षं चालून मिटली. तिसरी, एनडब्ल्यूएसएल, 2013 साली सुरू झाली. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंचे पगार सुरुवातीला फुटबॉल महासंघ भरत होता आणि खर्चाला कात्री होती. ती टिकली. तिच्यातल्या लॉस एंजेलिसच्या एंजल सिटीच्या मालकांत फाउडी आणि हॅम आहेत. सॅन होजेचा नवा संघ बे एफसी उभा करणाऱ्या चार माजी खेळाडूंत चॅस्टेन आहे, आणि 2023 साली त्या एका संघाची नुसती प्रवेश फी होती 5 कोटी 30 लाख डॉलर.