काळजाचा ठोका चुकतो तेव्हा...

दोस्तांनो, तोंडी परीक्षेला बाईंनी नेमकं तुमचंच नाव पुकारलं की छातीत कसं धडधडायला लागतं! त्यात घाबरण्यासारखं काही नाही. भीती वाटली की अॅड्रिनलिन नावाचा रस रक्तात मिसळतो आणि हृदयाला पळायला लावतो. खो-खो खेळताना, ताप आल्यावरही ठोके वाढतात. कारण सरलं की धडधड हळूहळू ओसरते.

आणि 'काळजाचा ठोका चुकला' असं आपण म्हणतो ना, त्यात गंमत आहे. ठोका चुकत नाहीच मुळी, उलट एक ठोका वेळेआधी पडतो! मग हृदय जरा जास्त थांबतं, तेवढ्यात त्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका दणक्यात बसतो. तोच आपल्याला जाणवतो. असा एखाददुसरा ठोका बहुतेकदा निरुपद्रवी असतो.

पण निवांत बसलेले असताना, बटण दाबल्यासारखी धडधड एकाएकी सुरू झाली, मोजता येऊ नयेत इतके भरभर ठोके पडू लागले, तर घरी सांगाच. (आईबाबांनो, 'अभ्यास टाळायची सोंगं' म्हणून हे उडवून लावू नका हं!) रक्त कमी असणं, थायरॉइडचा त्रास अशी कारणंही तपासणीत सापडतात. धडधडीबरोबर छातीत दुखलं, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र लगेच डॉक्टर गाठायचे. आणि धावता-खेळताना कुणी बेशुद्ध पडलं, तर नुसता कांदा हुंगवून घरी पाठवायचं नाही. लगेच शुद्धीवर आलं तरी तपासणी हवीच.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन मैदानातच कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. तिथल्या तिथे छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्याला वाचवलं. पुढे छातीत छोटं यंत्र बसवून २०२२ मध्ये तो पुन्हा खेळू लागला! असं कुणी कोसळलं आणि हाकेला ओ देईना, तर मोठ्यांना ओरडून बोलवा, १०८ ला फोन लावा.

एक अडचण असते. दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबते आणि इसीजी अगदी नीट येतो! म्हणून धडधडत असतानाच मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या मुलांत ते मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. आकडा, वेळ, तेव्हा काय करत होतात, सारं वहीत टिपा. घरात कुणी तरुणपणीच अचानक गेलं असेल, तर तेही डॉक्टरांना कळू द्या. गरज वाटली तर ते 'होल्टर' नावाचं लहानसं यंत्र लावून देतात. ते २४ तास ठोक्यांची नोंद ठेवतं, अगदी गणिताच्या तासालासुद्धा!